इफ्कची हदीस शेवटपर्यंत वाचू या

मंडळी, आज एका जुन्या आरोपाकडे वळू या. हजरत आयेशा (र.) यांच्या चारित्र्यावर शंका घेतली गेली होती आणि ती गोष्ट खुद्द बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. मग मुसलमान त्यांना 'उम्मुल मोमिनीन', श्रद्धावानांची आई, कसे म्हणतात? असं विचारलं जातं. विचारणाऱ्यावर चिडून उपयोग नाही. नोंद आहेच. आमचं म्हणणं एवढंच, की ती पूर्ण वाचा.

आपण नाशिककरांना हे समजायला जड नाही. गंगापूर रस्त्यावरची आनंदवल्ली आनंदीबाईंच्या नावाने ओळखली जाते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि आनंदीबाईंनी 'ध चा मा' केला ही गोष्ट भाषेतच रुजली. तो कागद आपल्यापैकी कोणी पाहिलाय? त्या निर्दोष होत्या असं आम्ही म्हणत नाही. पण म्हण म्हणजे पुरावा नव्हे.

आता मूळ प्रसंग. बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना मुक्कामाच्या जागी आयेशांचा हार हरवला. त्या शोधायला गेल्या, तेवढ्यात काफिला निघून गेला. मागून येणाऱ्या सफवान यांनी त्यांना उंटावर बसवून काफिल्यापर्यंत पोचवलं. एवढ्यावरून अब्दुल्लाह बिन उबय्यने कुभांड रचलं. 'इफ्क' म्हणजे हेच, रचलेलं खोटं. मिस्तह, हस्सान आणि हमना यांच्यासारखे आपलेच लोकही त्यात वाहवत गेले.

हे सगळं आपल्याला कोण सांगतं? स्वतः आयेशा! इमाम जुहरींनी उर्वा, सईद, अलकमा आणि उबैदुल्लाह अशा चौघांकडून हा वृत्तांत घेतला, आणि चौघेही तो आयेशांच्याच तोंडून सांगतात. म्हणजे आक्षेप घेणारा त्यांच्याच जबानीतला आरोप तेवढा उचलतो आणि पुढचं उत्तर गाळतो. याला टीका म्हणायची का?

कोणी म्हणेल, आरोप जिच्यावर तिचीच साक्ष, तिची किंमत काय? प्रश्न रास्त आहे. पण साक्षीत काय आहे ते बघा. महिनाभर पैगंबरांच्या वागण्यात पूर्वीची माया दिसत नव्हती, हे त्या लपवत नाहीत. हजरत अलींनी 'स्त्रिया पुष्कळ आहेत' अशा अर्थाचा सल्ला दिला, तेही सांगतात. निर्दोषत्व जाहीर झाल्यावर आई म्हणाली, ऊठ, त्यांच्याकडे जा. तर आपण नकार दिला आणि आभार फक्त अल्लाहचे मानले, हेही. केवळ स्वतःचा बचाव रचणारी व्यक्ती इतक्या अडचणीच्या गोष्टी कशाला सांगेल?

चौकशीही झाली. बरीरा या दासीला विचारलं, तर तिला एकच खोट सांगता आली: ही कोवळ्या वयाची पोर कणीक उघडी टाकून झोपते आणि शेळी ती खाऊन जाते. सवत जैनब यांना विचारलं. घरात आयेशांशी बरोबरी असेल तर त्यांचीच, आणि अफवा पसरवणारी हमना त्यांची सख्खी बहीण. तरी त्या म्हणाल्या, मला चांगल्याखेरीज काही ठाऊक नाही.

मग सूरह नूर आली. तिच्या ११ ते २० या आयतींत ऐकणाऱ्यांनाच जाब विचारला आहे: ऐकताक्षणी हे खोटं आहे असं का म्हणाला नाहीत? चार साक्षीदार कुठे आहेत? त्याच सूरहच्या चौथ्या आयतीत चार साक्षीदार न आणणाऱ्याला ८० फटके सांगितले आहेत. म्हणजे सिद्ध करण्याचं ओझं आरोप करणाऱ्यावर, बाईवर नाही.

एक भेद मात्र आपण पाळला पाहिजे. इ.स. ६५६ मध्ये आयेशा उंटाच्या लढाईत हजरत अलींविरुद्ध उतरल्या. त्या निर्णयाची चिकित्सा जरूर व्हावी. मुस्लिम विद्वानांनी ती केलीच आहे. पण राजकीय निर्णयावरचा राग चारित्र्यावर काढायचा, हा न्याय नव्हे.

आणि ही आयत फक्त दुसऱ्यांना ऐकवायची नाही. मोहल्ल्यातल्या एखाद्या पोरीबद्दल मोबाइलवर काही येतं, तेव्हा आपण चार साक्षीदार मागतो का? की बोट आपोआप पुढे पाठवायला सरकतं? आयेशांच्या सन्मानासाठी आवाज चढवणाऱ्यांनी आधी तिथे थांबावं. तसं केलं नाही, तर ही हदीस आपणही अर्धीच वाचली असं होईल.