भिडू कोणाचा?

२०२४च्या मे महिन्यात जॅकी श्रॉफ दिल्ली उच्च न्यायालयात गेला. आपलं नाव, आवाज, छबी आणि त्यांच्या जोडीला ‘भिडू’ हा शब्दही परवानगीशिवाय कुणी धंद्यासाठी वापरू नये, असं त्याचं मागणं होतं. बातमी वाचून आधी हसू आलं. ज्या शब्दानं हा माणूस दिसेल त्याला जवळ करतो, त्याच शब्दाला कुंपण! पण मग वाटलं, कुंपण आधीही होतंच की.

मेंढीकोटला चार जण बसतात, त्यांतले समोरासमोरचे दोघे भिडू. त्याच्या पानावर आपला हात होतो आणि त्याच्या चुकीचा भुर्दंड आपल्यालाही बसतो. भिडू असायला आधी डाव मांडलेला असावा लागतो. रस्त्यावर अनोळखी माणसाला ‘भिडू’ म्हणणारा, डाव न मांडताच भागीदारी जाहीर करतो. कधी ते लोभस वाटतं. पावसात बंद पडलेली स्कूटर ढकलायला आलेल्या पोरानं मला ‘भिडू’ म्हटलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. तेवढ्यापुरता डाव खरोखरच मांडला गेला होता.

मराठीत हा मामला नुसत्या संबोधनावर सुटत नाही. खरी चुगली क्रियापद करतं. ‘भाऊ, थांबा’ आणि ‘भाऊ, थांब’ यांत भाऊ तोच, पण दुसऱ्या वाक्यात त्याचं घर बदललेलं असतं. ‘मावशी, जरा सरकता का’ आणि ‘ए मावशी, सरक’ यांचंही तसंच. नात्याचा शब्द लावला की ‘तू’ म्हणायचा परवाना मिळाला, असं आपण धरून चालतो. (अनोळखी बाईला ‘भिडू’ कुणी म्हणत नाही, हेही एकदा नोंदवू. तिच्या वाट्याला ताई, मावशी, आजी, म्हणजे वयाचा जाहीर हिशेब.)

भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’वर १९६५नंतर जो गदारोळ झाला तो अश्लीलतेच्या नावानं झाला. मला त्यात आणखी एक दुखणं दिसतं. नाक्यावरची पोरं आपसांत जे बोलतात ते पाध्ये वाचकाला कोपऱ्यात उभं करून ऐकवत नाहीत. निवेदकच त्या बोलीत वाचकाशी बोलतो. पांढरपेशा वाचकाच्या खांद्यावर अनोळखी पोरानं ओळखदेख नसताना हात टाकला होता. ती सलगी खालून वर आलेली होती, म्हणून ती टोचली. वरून खाली येणाऱ्या सलगीला आपण मनमोकळेपणा म्हणतो.

‘मुन्नाभाई एमबीबीएस’ (२००३) मला आवडतो, तरी त्यातला एक प्रसंग दर वेळी खटकतो. ओल्या फरशीवरून चालणाऱ्यांवर वैतागलेल्या म्हाताऱ्या सफाईवाल्याला मुन्ना मिठी मारतो, त्याचे आभार मानतो. म्हातारा विरघळतो, प्रेक्षकही. मिठी खोटी नाही. पण फरशीचं काय झालं? त्याची तक्रार साधी होती: वाळेपर्यंत थांबा. मिठीनंतर ती कुणाच्या लक्षातच राहत नाही. आता तर मोबाइलवर जेवण मागवायला सांगणारे संदेशही ‘काय भावा’ म्हणून सुरू होतात. त्यांना उलट ‘काय भावा’ म्हणून बघावं, पलीकडे कुणी नसतं.

इथे मी तटस्थ नाही. माझे वडील एका इस्पितळात वॉर्डबॉय होते. एकतीस वर्षं सगळे त्यांना ‘मामा’ म्हणत. मामा म्हणजे वॉर्डबॉय, मावशी म्हणजे आया, हे इस्पितळांत इतकं रुळलेलं आहे की त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. रात्री दोनला स्ट्रेचर हवं असलं की ‘मामा, चला ना’. दुपारी मोठे साहेब फेरीवर असले की ‘ए मामा, इकडे ये’. निवृत्तीच्या समारंभात बोलणाऱ्यानं त्यांचं नाव चिठ्ठीवरून वाचलं, तेव्हा सभागृहात कुणाला काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, हे तर आपले मामा!” आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मला त्या टाळ्यांचा अजून राग येतो. वडील मात्र तो किस्सा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे. त्यांच्या त्या कौतुकाचं काय करायचं, हे मला उमगलेलं नाही. भाबडेपणा म्हणून ते मोडीत काढायला मी तयार नाही, कारण त्यांना सगळं कळत होतं. पंचविशीतल्या डॉक्टरांनाही ते ‘सर’च म्हणत. घरी आल्यावर मात्र चपला काढता काढता आईला सांगायचे, “आज भाच्यांनी फार पळवलं.”

समोर कधी नाही.