धन्याचा पट्टा : ब्रिटिश विद्युत प्रवासी गाड्यांच्या रंगयोजनेची समीक्षा

प्रस्तावना

रेल्वेगाडीच्या बाह्यांगावरील रंगयोजनेस इंग्रजीत ‘लिव्हरी’ म्हणतात. सरदार-उमरावांच्या घरातील नोकरांना धन्याकडून जो ठरावीक पोशाख मिळे, त्यासाठी हा शब्द मुळात वापरला जात असे. त्या पोशाखावरून नोकर कोण हे कळत नसे. तो कोणाचा, एवढेच कळे. आपल्याकडील कचेऱ्यांतील पट्टेवाल्याच्या छातीवरील पट्टा आणि पितळी बिल्ला यांचे कार्य याहून वेगळे नव्हते. ब्रिटिश गाड्यांच्या रंगांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यातील बहुतेक लेखन हे रंग केव्हा बदलला, छटा कोणती होती आणि जुना रंग किती देखणा होता, या तीन प्रश्नांभोवती फिरते. प्रस्तुत लेखात निराळा प्रश्न विचारावयाचा आहे. गाडीचा रंग कोणाशी बोलतो? या प्रश्नाच्या अनुषंगाने विद्युत प्रवासी गाड्यांच्या रंगांचा इतिहास तपासला असता एक गोष्ट लक्षात येते. ज्या रंगांवर सर्वाधिक शाई खर्च झाली ते धन्याचे रंग आहेत, आणि ज्या रंगांचा संबंध माणसाच्या जिवाशी किंवा गरजेशी होता ते तळटीपेत गेले आहेत.

हिरवा : कंपनीची ओळख

१९२३ साली अस्तित्वात आलेल्या सदर्न रेल्वे कंपनीने लंडनच्या दक्षिणेस तिसऱ्या रुळावरून वीज घेणाऱ्या गाड्यांचे विस्तीर्ण जाळे उभारले. १ जानेवारी १९३३ रोजी ही वीज ब्रायटनपर्यंत आणि १९३७ साली पोर्ट्समथपर्यंत पोहोचली. या गाड्या हिरव्या होत्या. आरंभी ऑलिव्ह छटेचा हिरवा आणि ऑलिव्हर बुलेड मुख्य यांत्रिक अभियंता झाल्यानंतर मॅलकाइट नावाने ओळखला जाणारा उजळ हिरवा, एवढाच काय तो फरक. कोळशाच्या धुराशिवाय धावणाऱ्या गाडीला उजळ रंग शोभतो आणि टिकतोही, हा व्यावहारिक भाग येथे लक्षात घेतला पाहिजे. ‘सदर्न इलेक्ट्रिक’ हे नाव, हिरवा रंग आणि ठरावीक मिनिटाला सुटणारी गाडी यांची सांगड प्रवाशाच्या मनात पक्की बसली.

१९४८ साली रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढील वर्षी इंजिनाने ओढावयाच्या मुख्य मार्गावरील डब्यांना किरमिजी आणि दुधाळ पिवळा असा दुरंगी साज मिळाला. विद्युत गाड्या मात्र हिरव्याच राहिल्या. धनी बदलला, पट्टा बदलला नाही. या सातत्याचे श्रेय अभिरुचीला द्यावयाचे की अनास्थेला, याबद्दल मतभेद संभवतो. मला अनास्था अधिक संभवनीय वाटते.

निळा : राज्यसंस्थेची ओळख

१९६५ हे वर्ष या इतिहासातील निर्णायक वर्ष होय. लंडनच्या डिझाइन सेंटरमध्ये जानेवारी महिन्यात भरलेल्या प्रदर्शनातून रेल्वेचा ‘नवा चेहरा’ लोकांपुढे ठेवण्यात आला. ‘ब्रिटिश रेल्वेज’चे ‘ब्रिटिश रेल’ असे संक्षिप्त नामकरण झाले. डिझाइन रिसर्च युनिट या संस्थेतील जेराल्ड बार्नी यांनी रेखाटलेले दुहेरी बाणाचे चिन्ह आले. जॉक किनीर व मार्गारेट कॅल्व्हर्ट यांची अक्षरे आली आणि ‘रेल ब्लू’ हा निळा रंग आला. एकच चिन्ह, एकच अक्षर, एकच रंग ही कल्पना आधुनिकतावादी संकल्पनाशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष होती, आणि दुहेरी बाण आजही टिकून आहे यावरून तिचे सामर्थ्य दिसते.

परंतु रंगाच्या बाबतीत या एकरूपतेच्या पोटात एक वर्गभेद दडलेला होता. लांब पल्ल्याच्या डब्यांना निळ्यासोबत खिडक्यांच्या ओळीवर करड्या रंगाचा पट्टा मिळाला, तर उपनगरी विद्युत गाडीला छतापासून पायरीपर्यंत सपाट निळा. ही विभागणी किती यांत्रिक होती याचे उदाहरण १९६७ सालच्या बोर्नमथ मार्गाचे आहे. तेथील नव्या जलद विद्युत गाड्या प्रथम सपाट निळ्या रंगात आल्या आणि थोड्याच अवधीत त्यांना निळा-करडा रंग द्यावा लागला. दूरच्या प्रवाशाला उपनगरी वेष चालत नाही, हे प्रशासनाने स्वतःच्या कृतीने मान्य केले. रोज दोनदा त्याच गाडीने जाणाऱ्या कारकुनाला मात्र तो चालतो, असे गृहीत धरले गेले. सपाट निळ्यावर ब्रेकची तांबूस धूळ बसली की डब्यात कोणताच तपशील उरत नाही. नजर ठरावी अशी एक रेषाही सापडत नाही. निळा रंग वाईट नव्हता, तो निष्काळजीपणे लावला गेला, असे माझे मत आहे.

ब्रायटन बेल या गाडीचा दाखला येथे टाळता येत नाही. पाच डब्यांच्या तीन संचांची ही विद्युत पुलमन गाडी १९३३ साली ‘सदर्न बेल’ या नावाने धावू लागली आणि पुढील वर्षी तिचे नामांतर झाले. तपकिरी व दुधाळ पिवळा हा पुलमनचा परंपरागत साज तिच्यावर होता आणि प्रथम वर्गाच्या डब्यांना हेझल, डोरिस, ऑड्री, ग्वेन, मोना, व्हेरा अशी स्त्रियांची नावे होती. १९६९ साली तिला निळ्या-करड्यात बुडवण्यात आले आणि डब्यांवरील नावे पुसली गेली. १९७२ च्या एप्रिलअखेर गाडीच बंद झाली. नामवंत नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी या गाडीतील न्याहारीच्या किपर माशासाठी केलेली तक्रार इतकी प्रसिद्ध आहे की तिच्यापुढे नावे पुसली जाण्याची घटना झाकोळून गेली. वास्तविक एकरूपतेच्या धोरणाचा अर्थ त्या पुसण्यात अधिक स्पष्ट दिसतो. धन्याला स्वतःच्या पट्ट्याखेरीज अंगावर दुसरी ओळख नको होती.

ग्लासगोचा अपवाद

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या उपनगरी गाड्या नोव्हेंबर १९६० मध्ये जुन्या कॅलेडोनियन रेल्वेची आठवण देणाऱ्या निळ्या रंगात अवतरल्या. लोकांनी त्यांना ‘ब्लू ट्रेन’ म्हटले. ट्रान्सफॉर्मरच्या स्फोटांमुळे डिसेंबरमध्येच त्या मागे घ्याव्या लागल्या आणि १९६१ च्या ऑक्टोबरात त्या परतल्या, तरी नाव कायम राहिले. रंगावरून गाडीला लोकांनी दिलेले नाव आणि प्रशासनाने रंगातून लादलेली ओळख यांतील अंतर येथे मोजता येते. पुढे याच गाड्यांना रेल ब्लू लागला, म्हणजे निळी गाडी निळीच झाली, पण ती छटा ग्लासगोची नव्हती. १९८० च्या दशकात स्ट्रॅथक्लाइड परिवहन प्राधिकरणाने नारिंगी रंग आणला आणि कागदोपत्री त्याला ‘लाल’ म्हटले. ग्लासगोमध्ये नारिंगी रंगाला चिकटलेले सांप्रदायिक अर्थ ज्यास ठाऊक आहेत त्याला या नामकरणाचे नवल वाटू नये.

पट्ट्यांची गर्दी

१० जून १९८६ रोजी ख्रिस ग्रीन यांच्या नेतृत्वाखाली ‘नेटवर्क साउथईस्ट’ ही ओळख जाहीर झाली. लंडन व आग्नेय विभागाच्या जलद गाड्यांवर तत्पूर्वी तपकिरी-नारिंगी-फिकट अशी रंगसंगती आली होती आणि लोक तिला एका बिस्किटाच्या नावाने चिडवीत. आता लाल, पांढरे, निळे आणि करडे पट्टे आले. स्थानकांवरील दिव्यांचे खांबही लाल झाले. यात जाहिरातबाजी होती हे खरे. पण उपनगरी प्रवाशाला प्रथमच सपाट निळ्यापेक्षा अधिक लक्ष देण्यायोग्य मानले गेले, हेही खरे. जुन्या, हाताने आपटून दार लावावयाच्या डब्यांवर नवा रंग म्हणजे केवळ सफेती, असा आक्षेप घेतला जातो. मागोमाग ३१९, ३२१ आणि ४६५ या वर्गांच्या नव्या गाड्या आल्या, त्यामुळे हा आक्षेप निम्माच टिकतो.

१९९३ च्या कायद्यान्वये खाजगीकरण झाले आणि ‘लिव्हरी’ या शब्दाचा मूळ अर्थच डळमळीत झाला. गाडी भाडेपट्टा कंपनीच्या मालकीची, रूळ तिसऱ्याचे आणि बाहेरील रंग ठरावीक मुदतीपुरता परवाना मिळालेल्या चालकाचा. अंगावर पट्टा ज्याचा, तो धनीच नव्हे! रंगाऐवजी चिकटवायच्या व्हिनाइलचा प्रसार याच काळात वाढला. मुदत संपताच सोलून काढता येणारी ओळख या व्यवस्थेला साजेशीच होती. कॉनेक्सने पांढरा-पिवळा आणला, आणि २००१ व २००३ मध्ये तिच्या हातून दोन्ही परवाने गेले. त्यांपैकी ब्रायटनच्या मार्गांवर कालांतराने पुन्हा ‘सदर्न’ हे नाव आणि हिरवा रंग अवतरला. या गर्दीत साउथ वेस्ट ट्रेन्सची योजना मला सर्वांत समंजस वाटते. लांब पल्ल्यास पांढरा, मध्यम पल्ल्यास निळा, उपनगरी गाडीस लाल. फलाटावर उभ्या माणसाला त्यातून काही उपयोगाचे कळत होते. याच कंपनीने लिमिंग्टनच्या आखूड शाखेवर २०१० पर्यंत दोन जुन्या गाड्या चालविल्या, एक हिरवी आणि एक निळी-करडी. ज्या निळ्या-करड्याला एके काळी नाके मुरडली गेली तोही आता स्मृतिरंजनाचा विषय झाला होता.

स्कॉटलंडने २००८ साली वेगळा मार्ग पत्करला. परवाना कोणाकडेही असो, गाड्या निळ्या राहतील आणि त्यांवर पांढरा सॉल्टायर क्रॉस असेल, असे शासकीय यंत्रणेने ठरविले. २०१५ साली चालक बदलला, २०२२ साली सेवा सार्वजनिक मालकीत आली. रंग तोच राहिला.

पिवळा : ज्याला धनी नाही

आता ज्या रंगासाठी हा लेख लिहिला त्याकडे वळतो. वाफेचे इंजिन दुरून ऐकू येई आणि धुरावरून दिसे. विद्युत गाडी तुलनेने निःशब्द येते. रुळांवर काम करणाऱ्या गँगमनच्या दृष्टीने हा बदल जीवघेणा होता. म्हणून १९६० च्या दशकाच्या आरंभी गाड्यांच्या दर्शनी भागावर पिवळी चौकट रंगविली जाऊ लागली आणि दशकाच्या उत्तरार्धात संपूर्ण दर्शनी भागच पिवळा होऊ लागला. याच काळात, १९६४ साली, ग्लासगोतील पोलोकशील्ड्स ते एग्लिंटन स्ट्रीट या विद्युतीकृत पट्ट्यात रुळांवरील कामगारांना चमकदार नारिंगी जाकिटे घालून प्रयोग झाला. गाडी माणसाला दिसावी आणि माणूस चालकाला दिसावा, अशी ही दुहेरी तजवीज होती. एकाच मार्गावरच्या गाडीचा आणि कामगाराचा वेष एकाच भयातून ठरला, याची नोंद रंगांच्या इतिहासात क्वचितच घेतली जाते.

संकल्पनाकारांना हा पिवळा कधीच रुचला नाही, कारण तो त्यांच्या रंगसंगतीत बसत नसे. हिरव्या गाडीवर तो ठिगळासारखा दिसे, हे मान्य केले पाहिजे. तरीही हिरवा, निळा, पट्टेदार, पांढरा या सर्व राजवटींत तो टिकला. सदर्न विभागात तर त्यावर आणखी एक अक्षर उमटले, उलटा काळा त्रिकोण. सामानाचा कप्पा गाडीच्या कोणत्या टोकास आहे हे फलाटावरील हमालाला त्यावरून कळे. गाडीच्या तोंडावर हमालासाठी आणि गँगमनसाठी लिहिलेला हा मजकूर होता. प्रवाशाशी किंवा भागधारकाशी त्याला काही कर्तव्य नव्हते.

२०१६ पासून, ठरावीक दर्जाचे दर्शनी दिवे असल्यास पिवळा भाग अनिवार्य राहिलेला नाही. २०१७ साली सेवेत आलेल्या आणि पुढे एलिझाबेथ लाइनवर धावू लागलेल्या ३४५ वर्गाच्या गाड्यांचे तोंड काळे आहे. प्रखर दिवा पिवळ्या रंगाहून दुरून दिसतो, हा तांत्रिक युक्तिवाद चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र या बदलाचे स्वागत ज्या उत्साहाने झाले त्यात ‘गाडी आता सुंदर दिसेल’ हा सूर मोठा होता, आणि रुळांवरच्या माणसाला काय वाटते हा सूर लहान.

पिवळा मागे हटत असताना त्याच जातीचा दुसरा रंग पुढे आला आहे. सुगम्यताविषयक नियमांनुसार प्रवासी दारांचा रंग डब्याच्या बाजूहून स्पष्टपणे भिन्न असावा लागतो, जेणेकरून दृष्टी अधू असलेल्या प्रवाशास दार ओळखता यावे. त्यामुळे कोणत्याही नव्या गाडीची रंगसंगती कागदावर मांडताना संकल्पनाकाराला आधी दाराचा विचार करावा लागतो. मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वे सार्वजनिक मालकीत आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘ग्रेट ब्रिटिश रेल्वेज’साठी लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांचा व दुहेरी बाणाचा नवा साज जाहीर झाला. त्यावर झालेली चर्चा राष्ट्रध्वजाच्या रंगांपुरतीच राहिली. त्या साजातील दारांकडे आणि गाडीच्या तोंडाकडे समीक्षकांनी अद्याप पुरेसे पाहिलेले नाही.