इंग्लंडचा प्रबोधनकाळ आणि सासष्टीतले एक पुराण

इंग्रजी प्रबोधनकाळावरचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा, सनावळी ठरलेली असते. 1476 मध्ये कॅक्स्टनचा छापखाना, 1534 मध्ये आठव्या हेन्रीने रोमशी तोडलेले नाते, 1558 मध्ये एलिझाबेथचे राज्यारोहण, 1588 मध्ये स्पॅनिश आरमाराचा पराभव, 1616 मध्ये शेक्सपिअरचा मृत्यू. परीक्षेपुरती ही सनावळी पाठ करावी लागेलच. पण त्याच 1616 साली गोव्यातील सासष्टी प्रांतात, राचोलच्या छापखान्यात, एका इंग्रजाने रचलेले मराठी महाकाव्य छापले गेले. ते आपण ‘ख्रिस्तपुराण’ या नावाने ओळखतो आणि त्याचा उल्लेख मराठी वाङ्मयाच्या इतिहासात येतो. इंग्रजी प्रबोधनकाळाच्या टिपणांत तो येत नाही. तो तिथेही यायला हवा, असे या टिपणाचे म्हणणे आहे.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास विल्टशरमधील बुश्टन या गावी झाला. म्हणजे ते एडमंड स्पेन्सरच्या पिढीचे. इंग्लंडमध्ये तेव्हा धर्म हा राजसत्तेचा विषय झाला होता. हेन्रीने मठ मोडले, मेरीने प्रोटेस्टंटांना जाळले, एलिझाबेथने पुन्हा फासा उलटवला; आणि 1570 मध्ये पोपने एलिझाबेथला बहिष्कृत केल्यावर कॅथलिक असणे हे राजद्रोहाच्या जवळ जाऊन पोहोचले. स्टीफन्स रोमला गेले आणि 1575 मध्ये जेझुइट झाले. त्यांचे कॅथलिक मित्र थॉमस पाउंड मात्र इंग्लंडमध्येच पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची कित्येक वर्षे तुरुंगात गेली. उत्तम इंग्रजी गद्य लिहिणारे एडमंड कॅम्पियन 1581 मध्ये लंडनला फासावर गेले. स्टीफन्स मायदेशी राहिले असते, तर त्यांचेही असेच काही झाले असते, असे मानायला जागा आहे.

ते 1579 च्या ऑक्टोबरमध्ये लिस्बनहून गोव्याला पोहोचले. याच वर्षी लंडनमध्ये स्पेन्सरचे ‘द शेफर्ड्स कॅलेंडर’ प्रसिद्ध झाले. गोव्याहून स्टीफन्सनी वडिलांना लिहिलेले पत्र पुढे रिचर्ड हॅक्लूटने आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले. जहाजावरचे आजार, मृत्यू, उडणारे मासे, समुद्रात वाट शोधताना पक्ष्यांवर नजर ठेवणारे खलाशी, हे सगळे त्या पत्रात आहे. एलिझाबेथकालीन गद्याचा नमुना म्हणून ते जरूर वाचा. निरीक्षणाची हौस हा त्या युगाचा स्वभावच होता. 1583 मध्ये भावाला लिहिताना स्टीफन्सनी इथल्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिनला जवळची असल्याचे नोंदवले. विल्यम जोन्सचे प्रसिद्ध व्याख्यान यानंतर दोनशे वर्षांनी झाले.

आता काव्याकडे वळू. प्रबोधनकाळातील लेखकांचा मोठा प्रश्न होता देशी भाषेचा. लॅटिन असताना इंग्रजीत गंभीर लेखन का करावे? रिचर्ड मल्कास्टरने 1582 मध्ये इंग्रजीची बाजू हिरिरीने मांडली. वायट आणि सरे यांनी इटालियन सुनीत इंग्रजीत आणले. सरेने व्हर्जिलच्या अनुवादासाठी निर्यमक छंद घडवला. जुना नमुना घ्यायचा, तो आपल्या भाषेत मुरवायचा आणि त्यातून भाषेची ताकद सिद्ध करायची, ही त्या काळाची रीत. स्टीफन्सनी हेच केले, फक्त भाषा बदलली. नमुना म्हणून त्यांनी ओवी घेतली: तीन चरण यमकात, चौथा मोकळा. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग, पहिल्यात 36 अवस्वर आणि दुसऱ्यात 59. आरंभी पुराणाच्या रीतीने नमन. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायलाही ते कचरले नाहीत. मराठीची थोरवी सांगताना त्यांनी रत्ने, फुले, सुगंध, पक्षी अशा एकेका जातीतल्या श्रेष्ठाशी तिची तुलना केली. मल्कास्टर इंग्रजीबद्दल जो अभिमान गद्यात बाळगतो, तोच इथे ओवीत आणि मराठीबद्दल आहे.

देशी भाषेचा हा वाद मराठीत मात्र त्यांनी आणलेला नाही, हे विसरू नका. एकनाथांनी 1573 मध्ये भागवतावरील टीका पूर्ण केली, तीत संस्कृतापुढे प्राकृताची बाजू ठामपणे घेतलेली आहे. स्टीफन्स चालू वादात उशिरा सामील झालेले पाहुणे आहेत.

मराठी भाषा दिनाच्या भाषणांत त्यांच्या त्या स्तुतीच्या ओव्या हमखास ऐकू येतात आणि टाळ्या घेतात. मला त्या टाळ्यांची थोडी धास्ती वाटते, कारण ग्रंथामागचा प्रसंग कोणी सांगत नाही. पुराणाच्या आरंभीच एक बाटलेला ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्यासारखे दुसरे काही वाचायला का देत नाही? ग्रंथ हे त्याचे उत्तर आहे. सासष्टीतली देवळे 1567 च्या सुमारास पाडली गेली होती आणि गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन होते. ज्या श्रोत्यांसाठी ही ओवी रचली, त्यांच्याकडून त्यांची पहिली ओवी काढून घेतलेली होती. एका राज्याच्या धर्मसक्तीमुळे परागंदा झालेला कवी दुसऱ्या राज्याच्या धर्मसक्तीच्या सावलीत बसून लिहीत होता. ही विसंगती त्यांना जाणवली होती का, हे ग्रंथातून दिसत नाही. ब्राह्मणाचा प्रश्न मात्र त्यांनी गाळला नाही, ही त्यांच्या बाजूची नोंद.

इथे स्पेन्सर पुन्हा आठवतो. 1580 पासून तो आयर्लंडमध्ये सरकारी अधिकारी होता. बळकावलेल्या जमिनीवरील जहागिरीत राहून त्याने ‘द फेअरी क्वीन’ लिहिली, आणि आयरिश लोकांना कसे नमवावे यावर एक कठोर गद्यग्रंथही. दोघेही जिंकलेल्या मुलखात महाकाव्य लिहीत होते. स्पेन्सरने ते जेत्यांच्या भाषेत लिहिले, स्टीफन्सनी जितांच्या. काव्यशक्तीत स्पेन्सर फार वरचा, यात शंका नाही. ख्रिस्तपुराणात वृत्तान्ताचे लांबच लांब, सपाट पट्टे आहेत आणि ते वाचताना धीर लागतो. पण ज्याला स्वतःचे म्हणणे दुसऱ्याच्या भाषेत मांडायचे असते, त्याला त्या भाषेपुढे वाकावे लागते. ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला की त्याच्या जुन्या अर्थाला दाराबाहेर थांबवता येत नाही. श्रोत्याच्या कानात विष्णू असतोच.

राज्यकर्त्यांनाही हे उमगले असावे. 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर बंद करण्याचा हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या 1616, 1649 आणि 1654 या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ते हस्तलिखितांतून आणि लोकांच्या तोंडून टिकले, आणि 1907 मध्ये मंगळूरला पुन्हा छापले गेले.

राचोलची छपाई रोमन लिपीत होती. देशी लिपीत छापावे अशी स्टीफन्सची इच्छा होती, पण इतक्या अक्षरांचे खिळे कोण पाडणार, ही अडचण आडवी आली. पुढे लंडनमध्ये, विल्यम मार्सडेनच्या संग्रहात, एक देवनागरी हस्तलिखित सापडले. 1920 च्या दशकात जस्टिन ॲबट यांनी त्याकडे लक्ष वेधले. त्यात रोमन पाठातल्या पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. मूळ पाठ कोणता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. शांताराम बंडेलू यांची 1956 ची देवनागरी आवृत्ती ग्रंथालयात मिळाली तर पहिला अवस्वर आधी वाचा, आणि तो ब्राह्मण काय विचारतो, तिथे थांबा.