दुखणे किडनीचे, खूण लिव्हरवर

चंडीगडच्या सेक्टर 1 मधले कॅपिटल कॉम्प्लेक्स म्हणजे वास्तुकार ल कॉर्ब्यूझिएने देहासारख्या कल्पिलेल्या या नगराचे डोके. सेक्टर 17 हृदय, हिरवे पट्टे फुप्फुसे. विधानसभा आणि उच्च न्यायालय यांच्यामध्ये काँक्रीटचे केवढे पटांगण पसरले आहे! प्रत्येक अवयव सुटा, आपल्या जागी. मांडणी देखणी आहे, पण देह असा सुटा नसतो. तो कसा असतो, हे मेयो क्लिनिकच्या मॉरिस स्टॉफर यांनी 1961 साली केलेल्या नोंदीत वाचायला मिळते.

किडनीत कर्करोगाची गाठ. सोबत लिव्हर आणि प्लीहा वाढलेली. अशा रुग्णांच्या रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम चढलेले, ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) वाढलेला, प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबलेला दिसतो. काहींना कावीळही होते. कुणीही म्हणेल, रोग लिव्हरमध्ये पसरला. पण लिव्हरमध्ये कर्करोगाची पेशीच नसते! मग गाठ असलेली किडनी काढतात आणि हळूहळू लिव्हरचे आकडे पूर्वपदावर येतात. औषध लिव्हरला दिलेलेच नसते. या नोंदीचे सारे सौंदर्य मला या शेवटच्या पायरीत दिसते: दोषी कोण, हे त्याला बाजूला केल्यावरच सिद्ध होते.

यामागची यंत्रणा पुढे उलगडत गेली. गाठ रक्तात इंटरल्युकिन-6 सारखी रसायने सोडते. कुणीतरी खोटी आरोळी ठोकावी आणि सारे गाव धावत सुटावे, तसे लिव्हर संकटकाळची प्रथिने बनवू लागते. म्हणजे ते बिघडलेले दिसते तेव्हा खरे तर इमानाने हाकेला ओ देत असते. ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

ऑपरेशननंतर आकडे उतरलेच नाहीत, किंवा उतरून पुन्हा चढले, तर डॉक्टर सावध होतात; गाठ कुठे उरली वा उलटली का, हे शोधतात. कधी कधी तर लघवीत रक्त, कुशीत दुखणे यांतले काही नसताना लिव्हरचा रिपोर्टच आधी बोलतो.

म्हणून किडनीच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या घरच्यांना कळकळीने सांगावेसे वाटते: केवळ लिव्हरचे आकडे वाढले म्हणून रोग पसरला असे धरून चालू नका, ऑपरेशनची आशा सोडू नका. स्कॅननुसार लिव्हरमध्ये खरोखर गाठ आहे का, हे डॉक्टरांना आधी विचारा.