एक वाजता सगळेच येणार होते

मंडळी, १६ जुलै २०२१ आठवा. कोरोनामुळे दहावीची परीक्षा झाली नव्हती, गुण अंतर्गत मूल्यमापनावर दिले होते, आणि निकाल दुपारी एकला. विद्यार्थी पंधरा लाखांवर. एक वाजला आणि मंडळाची संकेतस्थळं जी बसली ती तासन्‌तास उठली नाहीत. जो तो म्हणे, लोड फार आला. आमचा आक्षेप या ‘आला’ला आहे. लोड आला नाही, तारीख-वेळ देऊन बोलावला होता.

श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी अकोल्याला राजराजेश्वराकडे येतात. त्या दिवशी ‘अचानक गर्दी झाली’ असं कोणी म्हटलं तर अकोलेकर हसतील ना!

हिशोब करू. सोळा लाख पोरं पहिल्या दहा मिनिटांत एकेकदा जरी आली, तरी सेकंदाला २,६०० वर विनंत्या. पान उघडलं नाही की माणूस पुन्हा दाबतो, घरातले आणखी दोघं आपापल्या मोबाइलवर दाबतात. पाचपट धरा, तेरा हजार. सर्व्हर अडखळला की गर्दी वाढतेच.

यावर ठरलेला उपाय म्हणजे ‘सर्व्हर वाढवा’. अहो, तहसीलात खिडक्या दहा केल्या आणि शिक्का मारणारा बाबू एकच ठेवला, तर रांग हलेल का? मागे डेटाबेस एकच असेल, तर पुढचे सर्व्हर नुसते ताटकळतात.

शिवाय निकाल हे सोपं काम आहे. अमरावती-मुंबई एक्स्प्रेसच्या तत्काळमध्ये क्षणाक्षणाला जागा कमी होतात, तिथं डेटाबेसला विचारावंच लागतं. गुण मात्र एकदा ठरले की ठरले. प्रत्येक बैठक क्रमांकाचं पान आदल्या रात्रीच तयार करून ठेवता येतं. पाच केबीचं पान धरलं तर सोळा लाख पानं आठ जीबीत मावतात. खिशातल्या पेनड्राइव्हचा ऐवज! त्याच्या प्रती निरनिराळ्या शहरांतल्या कॅश सर्व्हरवर ठेवा. (आईचं नाव विचारतात, तेही पानाच्या पत्त्यात सांकेतिक रूपात गुंफता येतं.)

मेळघाटात अजून अशी गावं आहेत, जिथं रेंजसाठी टेकडी चढावी लागते. तिथं पान आधीच सावकाश उतरतं, आणि दमलेला सर्व्हर मध्येच जोडणी तोडतो. शहरातलं पोरगं पंधराव्यांदा दाबू शकतं. टेकडीवरच्याची बॅटरी तोवर संपलेली.

पुढं निकाल डिजिलॉकरवरही मिळू लागला, दारं वाढली, हे चांगलंच. पण सेकंदाला किती विनंत्या सोसण्याची चाचणी घेतली, तो आकडा मंडळानं निकालाच्या तारखेसोबतच जाहीर करावा, ही आमची मागणी आहे.