दहा दिवसांची परतवाट

विंडोज ११ घेतलं आणि जमलं नाही, तर परत विंडोज १० वर जाता येतं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, मग 'गो बॅक'. आपल्या फायली राहतात, अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्रॅम मात्र जातात. सोय चांगलीच आहे. माझा आक्षेप मुदतीवर: फक्त १० दिवस! विंडोज १० आलं तेव्हा ३० होते, २०१६ मध्ये कमी केले.

आता आपलं परभणीचं बघा. सोयाबीन पेरायचं जून-जुलैत, काढणी ऑक्टोबरच्या आसपास. जुलैत अपग्रेड केलं, तर दाण्यांतलं तेल मोजणाऱ्या जुन्या यंत्राचा ड्रायव्हर नव्यावर चालत नाही, हे कळणार कधी? काढणीनंतरच ना! तोवर विंडोज.ओल्ड फोल्डर आपोआप पुसलेलं असतं.

डिस्म कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती पहिल्या दहा दिवसांतच द्यावी लागते, आणि सेटिंग्जमध्ये तिचा पत्ताही नाही. शिवाय साठ दिवस तरी कुठे पुरतात? जुलैपासून मोजले तर सप्टेंबरातच संपले. म्हणून अपग्रेडच्या आधी अख्ख्या डिस्कची इमेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवा. परत गेलात तर ते मशीन नेटला जोडू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.