देवांचे कारस्थान आणि वृंदेचा शाप

अतिमानवी सामर्थ्य लाभलेल्या नायकांनी गुप्तपणे एकत्र यावे, जगाच्या हिताचे निर्णय जगाला न विचारता घ्यावेत आणि अखेरीस आपल्याच हातून घडलेला अधर्म पाहावा, हे आशयसूत्र अमेरिकन चित्रकथांत आता रूढ झाले आहे. मार्व्हल प्रकाशनाच्या कथाविश्वात २००५ साली अवतरलेले ‘इल्युमिनाटी’ हे गुप्त मंडळ त्याचे ठळक उदाहरण होय. आयर्न मॅन, रीड रिचर्ड्‌स, प्रोफेसर एक्स, डॉक्टर स्ट्रेंज, समुद्राधिपती नेमॉर आणि ब्लॅक बोल्ट हे त्याचे सभासद. सहभागाचे निमंत्रण ब्लॅक पँथर नाकारतो. पुढे धोकादायक ठरलेल्या हल्कला फसवून अंतराळात धाडण्याचे ठरते, तेव्हा नेमॉर विरोध करतो. पण हल्क जातोच, आणि २००७ च्या कथामालेत सूड घेण्यासाठी परततो. २०१३ पासूनच्या कथांत तर पूर्वी नकार देणारा ब्लॅक पँथरच मंडळात बसलेला दिसतो, आणि आक्षेप घेणाऱ्या कॅप्टन अमेरिकाची स्मृती पुसली जाते.

यावरून ‘गुप्त सत्ता अटळपणे भ्रष्ट होते’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मात्र त्यात कथनाची गरज आणि नैतिक नियम यांची गल्लत होते. क्रमशः चालणाऱ्या कथामालेला संकट लागतेच; यशस्वी आणि निर्वेध गुप्त मंडळ पुढच्या अंकाला काहीच पुरवीत नाही. तेव्हा येथील ‘अटळता’ बऱ्याच अंशी प्रकाराचा संकेत आहे. गुप्त युती पूर्णतः यशस्वी होते आणि तरीही नैतिकदृष्ट्या पराभूत ठरते, अशी संहिता समोर ठेवल्याशिवाय या प्रश्नाची खरी परीक्षा होत नाही.

जालंधर-वृंदेचे आख्यान ही अशी संहिता आहे. पुराणांतून आलेली ही कथा सिंधुदुर्गातील दशावताराला परकी नाही. शिवाच्या क्रोधाग्नीतून समुद्रात जन्मलेला जालंधर हा सागरपुत्र. मंथनातून देवांनी नेलेली रत्ने ही आपल्या पित्याची मालमत्ता, हा त्याचा दावा. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर हा दावा ऐकणाऱ्याला तो निव्वळ राक्षसी वाटेलच असे नाही. पत्नी वृंदेच्या पातिव्रत्यामुळे तो अवध्य आहे. शिवपुराणातील तपशील येथे निर्णायक ठरतो. जालंधर शिवाचे रूप घेऊन पार्वतीला फसवू पाहतो. ती ओळखते, आणि विष्णूला बोलावून सुचवते की मार्ग त्यानेच दाखवला आहे. विष्णू जालंधराचे रूप घेऊन वृंदेचे व्रत भंगवतो, आणि इकडे शिव जालंधराला मारतो. युतीचे उद्दिष्ट साधते, त्रैलोक्य वाचते.

आणि तरीही वृंदा शाप देते. हा शाप दैत्याच्या सूडाचा नाही. एका निरपराध स्त्रीचा तो निवाडा आहे आणि विष्णूला तो स्वीकारावा लागतो. हल्क परततो तो बळाच्या जोरावर. वृंदेपाशी बळ नाही, केवळ वाणी आहे. युतीच्या हेतूवर किंवा परिणामावर ती बोट ठेवत नाही. ज्या व्यक्तीला साधन म्हणून वापरले, तिला काहीच विचारले नव्हते, एवढेच ती उघडे करते. पार्वतीचा युक्तिवाद (आणि तो बिनतोड आहे) जालंधरापुरता लागू पडतो. वृंदेला तो शिवतही नाही.

दशावताराची रंगपद्धती या निवाड्याला आणखी धार देते. आडदसरात संकासुर मालवणीतून देवाब्राह्मणांची थट्टा करून गेलेला असतो. म्हणजे आख्यान सुरू होण्यापूर्वीच देवांचे देवपण प्रेक्षकांच्या बोलीत तपासले गेलेले असते. आख्यानाला लिखित संहिता नसते. कथासूत्र ठरते, संवाद नट उत्स्फूर्तपणे रचतो. देवांचे कारस्थान वृंदेपासून गुप्त असते, पण देवळासमोर रात्र जागवणाऱ्या जत्रेपासून नसते. सारा गाव साक्षीदार होतो. ‘वॉचमेन’ (१९८६-८७) मध्ये ओझिमँडियसच्या संहारक कटाची वाच्यता करू पाहणाऱ्या रोर्शाकला ठार करावे लागते, कारण तेथे मौनावरच शांतता उभी आहे. येथे मौन शक्यच नाही. शाप किती काळ चालावा, त्यात देवाला किती बोल लावावे, हे स्त्रीपार्टी करणाऱ्या पुरुष नटाच्या वाक्‌सामर्थ्यावर अवलंबून असते.

पण म्हणून लोकपरंपरेला निर्दोष ठरवणे भाबडेपणाचे होईल. कार्तिकात अंगणोअंगणी तुळशीचे लग्न लागते. उसाच्या कांड्याखाली, चिंचा-आवळे वाहून, वृंदेचा विवाह तिला फसवणाऱ्याशीच लावला जातो. शापाने दगड झालेला शाळिग्राम नवरदेव होतो. फिर्यादीला आरोपीच्या घरात नांदवण्याची ही तडजोड मंगलाष्टकांच्या गजरात सहज खपून जाते. याच सुमारास जत्रांचा हंगाम उघडतो. त्यामुळे जी वृंदा अंगणात अंतरपाटाआड मुकी उभी असते, तीच रंगस्थळी देवाला जाब विचारू शकते. विधी जे मिटवतो ते नाट्य पुन्हा उकरते. कॅप्टन अमेरिकाची स्मृती एका मंत्राने पुसता येते. वृंदेची पुसायला दरवर्षी लग्न लावावे लागते, यातच ती पुसली न गेल्याची कबुली आहे.

या संदर्भात अलीकडच्या ‘ट्रिकसीन’ प्रयोगांकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. धूर, प्रकाशझोत आणि युक्त्यांनी घडणारे चमत्कार प्रेक्षकांना खेचतात, आणि लोककलेने नवी साधने वापरू नयेत असा सोवळेपणा धरण्याचे कारण नाही. परंतु सभागृहातल्या ठरावीक वेळेच्या प्रयोगात जालंधराच्या वधाला जितकी मिनिटे वाढवून दिली जातील, तितकी ती कोठून तरी कापावी लागतील. वध प्रेक्षणीय असतो, शाप श्रवणीय. जत्रेत पहाटेच्या दहीकाल्यापर्यंतची सारी रात्र हाताशी असल्याने वृंदेला घाई नव्हती.